पडवीतली लाव्हरं

"हात लावून बघा, भाऊजी. अजून गरम आहे."

ललितावहिनीने ओंजळ माझ्यापुढे धरली. तिच्यात एक लाव्हरू आडवे पडले होते. वाळल्या गवताच्या रंगाचे, छातीवर गंजाचे शिंतोडे उडालेले. मी बोट टेकवले. पिसांच्या आत ऊब होती, आणि त्या उबेत कोणीही नव्हते. ओरखडा नाही, रक्त नाही. डोळा तेवढा उघडा राहिला होता, आणि तो सरळ वर पाहत होता.

"कशानं मेलं?"

"डरून. बटेर घाबरली की पळत नाही, सीधी वर उडते. वर पत्रा. मान मोडते."

"म्हणजे पत्र्यानं मारलं."

"पत्र्यानं मारलं," वहिनी म्हणाली. "पण घाबरवलं कोणी, ते सांगा. तुम्ही एवढे शिकलेले."

ती हसली, पण पदराने त्या पाखराचा डोळा झाकायला विसरली नाही.

त्या हिवाळ्यात मी एम. ए. होऊन घरी आलो होतो. घरी आलो होतो असे म्हणतो, पण ते घर माझ्या फारसे ओळखीचे नव्हते. वडील गेले तेव्हा मी पाळण्यात होतो. मावशीने मला ठाण्याला नेले आणि तिथेच मी वाढलो, शिकलो, कविता वाचायला आणि नोकरी न मिळवायला शिकलो. आटपाडीच्या पुढे, गावापासून लांब माळावर आमची एकटी वस्ती. तिथे आई होती, माझ्याहून बराच मोठा भानुदासदादा होता, आणि त्याची बायको ललिता.

दादा दुधाचा टँकर चालवी. दुपारची भाकरी खाऊन निघायचा तो उजाडल्यावर परतायचा आणि ऊन चढेपर्यंत झोपायचा. त्याआधी तो ट्रकवर होता. बालाघाटहून सागाची लाकडे आणता आणता तिथल्या एका वनरक्षकाची मुलगी घेऊन आला. वहिनीचे घराणे मराठीच, पण पिढ्यान् पिढ्या तिकडे राहिलेले, त्यामुळे तिची मराठी थोडी पुस्तकातली आणि थोडी हिंदीतली. लाव्हरे पाळण्याची विद्या ती माहेरहून घेऊन आली होती. मागच्या पडवीला तिने बारीक जाळी ठोकून घेतली, जमिनीवर भुईमुगाची टरफले पसरली आणि जपानी जातीची पिल्ले आणून सोडली. हिवाळ्यात पत्रा दिवसभर तापून संध्याकाळपर्यंत ऊब धरी, म्हणून पाखरांना ती जागा मानवली.

आईला ती मानवली नाही. ती माळकरी होती. तिचा राग मात्र वहिनीवर नव्हता. पाखरे आणायला होकार देणाऱ्या मुलाशी तिने बोलणे टाकले. एकाच चुलीपुढे बसून दोघे माझ्यामार्फत बोलत.

"सांग तुझ्या आईला, आमटी आळणी हाय."

"सांग त्याला, मीठ डब्यात हाय आन् डबा फळीवर हाय. हात हायेत न्हवं त्याला?"

"सांग तिला, हात दोनच हायेत. दिवसाचं बी आन् रात्रीचं बी तेच."

मी मध्ये बसून घास गिळायचो. वहिनी चुलीकडे तोंड करून हसायची. त्या अबोल्याची आम्हाला तेव्हा फारशी काळजी वाटत नव्हती. घरात एखादे दार अडकून बसते, तसे ते होते.

मग पाखरे मरू लागली. काही अशी, न शिवता मेलेली. काही नुसती नाहीशी. पीस नाही, पंख नाही, टरफलांत झटापटीची खूण नाही. वहिनीने मेलेल्या पाखरांसाठी आधी उपाय केला. पत्र्याच्या खाली हातभर अंतरावर तिने गोणपाटाची पोती उसवून, एकमेकांना शिवून, ताणून बांधली. वर उडाले तरी पाखरू मऊ गोणपाटावर आदळावे. आधीच बुटकी पडवी त्यामुळे इतकी बुटकी झाली की आत जाताना कमरेत वाकावे लागे.

नाहीशा होणाऱ्यांचा उपाय अवघड होता. वहिनी त्या कामाला तिच्या बापाच्या पद्धतीने लागली. तिने पडवीला बाहेरून प्रदक्षिणा घातली, जाळीचा प्रत्येक खिळा हलवून पाहिला, पायथ्याशी पत्र्याची पट्टी पुरली आणि तिच्याभोवती बाभळीच्या फांद्या रचल्या.

"मुंगूस असता तर खड्डा दिसला असता," ती मला सांगायची, जणू मी तिचा सहायक होतो. "ऊदमांजराची लेंडी असती वाटेत. धामण म्हणाल, तर ती पाखरू गिळून फुगलेल्या पोटानं जाळीतून परत निघणार कशी? तिथंच अडकून पडली असती. नाही. जे आहे ते आत येतं, उचलतं, आणि आल्या वाटेनं शांतपणे जातं."

"मग वाट कुठली?"

"तीच तर नाही सापडत."

तिने शोधले ते सगळे बाहेरच्या अंगाला. जंगलाशेजारी वाढलेल्या माणसाला संकट बाहेरून येते याची इतकी सवय असते की पडवीची चौथी बाजू, जी घराचीच भिंत होती, तिच्याकडे तिची पाठच राहिली. त्या भिंतीच्या पलीकडे आईची खोली होती.

लाव्हरे अंडी घालतात ती दिवस कलताना. म्हणून वहिनीला दिवेलागणीलाच पडवीत जावे लागे. ती वाकून, टरफले चाचपत, ठिपक्या-ठिपक्यांची अंडी पदरात गोळा करी, आणि मी जाळीबाहेर कंदील धरून उभा राही. त्या वेळी मला एक गोष्ट जाणवू लागली. लाव्हरांचा आवाज दिवसभर चाले, शिट्टी फुटावी तसा चिरका नराचा आणि खालच्या पट्टीत माद्यांची कुजबुज. पण उजेड तांबूस होऊन विटू लागला की मध्येच, एका क्षणी, सगळी गप्प होत. हळूहळू नव्हे. एखाद्या खोलीत परका माणूस शिरल्यावर बोलणे थांबते, तशी. आणि सगळी, माना तिरप्या करून, एकेका डोळ्याने वर पाहत.

वर गोणपाट होते. त्याच्या पलीकडे पत्रा. त्याच्या पलीकडे आकाश.

"काय बघतात ही?" मी एकदा विचारले.

"घार असेल वर," वहिनी म्हणाली.

"पत्र्यातून दिसते घार?"

ती पुन्हा टरफले चाचपू लागली. तेव्हाच माझे लक्ष गेले. आतल्या भिंतीच्या कोपऱ्यात, घराचा वासा जिथे पडवीत येतो तिथे, आई उभी होती. तिच्या खोलीतून पडवीत उघडणाऱ्या बुटक्या दारातून ती केव्हा आली, आम्हाला कळले नव्हते. हात जोडलेले नव्हते, पण बाजूलाही नव्हते. पोटाशी धरले होते. तीही वर पाहत होती. पाखरांसारखीच, मान तिरपी करून.

पुन्हा कुजबुज सुरू झाली तशी ती वळली आणि आत गेली.

त्या संध्याकाळी मी तिच्या खोलीत बसलो. ती बाजेवर होती. दिवा लावून झाला होता. नेहमीपेक्षा खालच्या आवाजात ती म्हणाली, "ललितीला सांग. ह्या वेळंला पडवीत वाकत जाऊ नगं म्हणावं."

"का?"

"पान लागंल तिला."

 हे शब्द मी लहानपणापासून ओळखत होतो. माझे वडील पान लागून गेले होते. मावशीने तेवढेच सांगितले होते आणि ते सांगताना ती आवाज खाली घेई. मी त्या शब्दांभोवती एक अख्खा मृत्यू उभा केला होता: तंबाखूचे कडक पान, रंगलेले ओठ, डोके गरगरणे, घामाने डबडबलेला एक तरुण माणूस भिंत धरत खाली बसतो आणि पुन्हा उठत नाही. मी जन्मात पान खाल्ले नव्हते. लग्नात तबक फिरले की मी हात मागे घेई. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात माझी जी एकमेव कविता लोकांना आवडली, तिच्यात मृत्यू हिरवा होता आणि त्याला शिरा होत्या.

"वहिनी पान खात नाही, आई," मी शक्य तेवढ्या मऊपणे म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत आधी नवल होते आणि मग दुखावलेपण.

"चेष्टा करतूस?"

"नाही गं."

"कर. तू बी कर." ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

तिची भूल कुठल्या दिशेने चालली आहे, हे मला कळल्यासारखे वाटले. तिच्या मनात सून आणि नवरा एक होऊ लागले होते. एक मेलेला होता, एक जिवंत होती, आणि तिला त्यांच्यातला फरक दिवेलागणीला दिसेनासा होई. दिवसा ती चोख असे. दळण निवडी, माझ्या दाढीला नावे ठेवी, दादाला माझ्यामार्फत टोमणे मारी. पानाचे नावही काढत नसे. मी एकदा भर दुपारी तो विषय काढून पाहिला, तर तिने माझ्या तोंडापुढे हात धरला. त्या गोष्टी ती त्या वेळीच बोले. आणि त्या वेळी दादा कधीच घरी नसे.

वहिनीला मी सांगितले तेव्हा ती आधी हसली. "मला पान लागेल? मग आधी चुना आणून द्या, भाऊजी, कात आणून द्या." मग तिचे हसणे विरले. "रोज म्हणतात?"

"रोज."

"मला पाहून नाही म्हणत?"

"'तिला सांग' एवढंच म्हणते मला."

दादाला मीच सांगितले. सकाळी तो मोरीवर तोंड धूत होता. मी म्हणालो, आईला भ्रम होतोय. वहिनी चोरून पान खाते असं काहीसं तिच्या डोक्यात बसलंय. संध्याकाळी पडवीत जाऊन उभी राहते. मी अर्थ सांगितला. तो सांगताना शब्द वाटेत गळाले, त्याचे मला तेव्हा काहीच वाटले नाही.

दादाने चूळ भरली, टाकली. "पडवीत उभी ऱ्हाती?"

"हो."

"आन् पाखरं जात्यात."

"दादा, तसं नाही—"

"माळकरी हाय ती. पाखरं सोडून देत आसंल माळावर. पुण्य लागतंय म्हणून." तो थकला होता, डोळे रात्रीच्या रस्त्याने लाल झाले होते. "आदी वाटलं अबोला हाय, जाईल. आता ह्ये निराळंच झालं."

"आळ घेण्याआधी माग पाहतात," वहिनी आतून म्हणाली. "आमच्याकडे तसंच करतात. मी राख पसरते आज."

तिने चुलीतली राख वस्त्रगाळ केली आणि अंडी काढून झाल्यावर पडवीत, भिंतीपासून जाळीपर्यंत, पिठासारखी पसरली. सकाळी आम्ही तिघे जाळीपाशी उभे होतो. दादा नुकताच आला होता, हातात किल्ली होती. पाखरे एका कोपऱ्यात दाटून बसली होती.

राखेत आईची पावले उमटली होती. तिचा उजवा अंगठा बाहेरच्या अंगाला वळलेला आहे. चुकण्यासारखे काही नव्हते. पावले बुटक्या दारापासून आत आली होती, मध्ये थांबली होती आणि परत गेली होती. त्यांच्या बाजूने, आतल्या भिंतीपासून मध्यापर्यंत, राखेवरून काहीतरी रुंद फिरले होते, वळणे घेत, सगळे पुसत. लुगड्याचा पदर ओढत नेला की असे होते.

वहिनी उकिडवी बसली. बराच वेळ ती त्या पुसट पट्ट्याकडे पाहत राहिली.

"पुसलंय," ती शेवटी म्हणाली. तिच्या आवाजात नाराजी होती, जणू तिला हे वाचायला लागू नये असे वाटत होते. "जनावर आपला माग कधी पुसत नाही."

 दादा आत गेला आणि आईच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभा राहून मला म्हणाला, "सांग तिला. मिरजेला एक आश्रम हाय. बायका असत्यात तिच्या वयाच्या, भजन असतंय, पाखरं न्हाईत. परवा मी सुट्टी काढतो. पोचवून येतो."

आई जात्यापाशी बसली होती. तिने मान वर केली नाही. फक्त जात्याचा खुंटा धरलेला हात थांबला.

"तुम्ही असं कसं करता?" वहिनी त्याला चुलीपाशी म्हणाली. "चार पाखरांसाठी आईला घराबाहेर?"

"पाखरांसाठी न्हाई. उद्या ती भाकरीत काय कालवंल, तुला काय करंल, मला इथं ऱ्हायाला मिळतंय का बघायला? हा," त्याने माझ्याकडे बोट केले, "हा उद्या नोकरी लागली की जाईल. मग तू आन् ती. ह्या माळावर. दोघीच."

त्याला वहिनीची भीती वाटत होती, म्हणजे तिच्यासाठी. आणि त्या भीतीपुढे आई हरली होती. ती तिच्या लग्नापासून त्या घरात होती. वडील गेल्यावर तिच्या भावांनी माहेरी बोलावले तरी तिने ते घर सोडले नव्हते. आता तिची दोन लुगडी, जपमाळ आणि तांब्या एका फडक्यात बांधून बाजेच्या पायथ्याशी ठेवले गेले. ते गाठोडे वहिनीनेच बांधले. बांधताना दोनदा सोडले.

मिरजेला जायच्या आदल्या दिवशी दादा कामावर गेला नाही. मी आल्यापासून पहिल्यांदाच तो दिवेलागणीला घरात होता. अंगणात तो दगडावर बसला होता, आई तिच्या खोलीच्या दारात, मी मधल्या ओट्यावर. वहिनी अंडी गोळा करायला मागे गेली. जाताना कंदील राहू द्या म्हणाली, अजून उजेड आहे.

"सांग तिला," दादा म्हणाला, "पहिल्या येष्टीनं निघायचंय. औषधं घेतली का इचार."

मी आईकडे वळलो. ती त्याच्याकडे पाहत होती. सरळ, कितीतरी महिन्यांनी.

"सांग त्याला," ती म्हणाली, "मी निघते. मला जागा लागती केवढी. पन बायकूला राख म्हणावं. दिवं लागायच्या टायमाला तिला वाकू दिऊ नगं. मी हुते तवर उभी ऱ्हात हुते. आता पान लागंल तिला."

सवयीने मी दादाकडे तोंड केले. "ती म्हणते की वहिनीला पान—"

दादा उभा राहिला होता. तो उठताना मी पाहिला नाही. तो माझ्याकडे पाहत नव्हता.

"ह्ये म्हणती ती? रोज?"

"रोज. मी सांगितलं होतं तुला."

"तू सांगितलंस पान खाती म्हणून."

"तेच ना."

त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी कुठल्या तरी परक्या भाषेत बोललो होतो. मग तो हळूच, ओठ न हलवल्यासारखे, म्हणाला, "लाव्हरं गप्प का झाली?"

खरेच. मागे काहीही नव्हते. वारा नव्हता, आवाज नव्हता. माळ इतका निश्चल होता की कोणीतरी त्याच्यावर हात ठेवला असावा.

दादा पळाला नाही. तो भिंत धरून, टाचा न टेकवता, आईच्या खोलीतून बुटक्या दाराकडे गेला. मी त्याच्यामागे. दारातून मी पाहिले ते आजही माझ्या डोळ्यांपुढे तसेच आहे, त्याच तांबूस, विटक्या उजेडात.

वहिनी गोणपाटाखाली वाकली होती. पदरात अंडी, उजवा हात टरफलांत. पाखरे लांबच्या कोपऱ्यात एकमेकांवर चढली होती, सगळ्यांच्या माना वर. आणि वहिनीच्या पाठीपासून वीतभर उंचीवर गोणपाटाला पोट आले होते. ते झोळीसारखे खाली आले होते, जड, आणि त्या जडपणात एक अगदी सावकाश हालचाल होती. पोट भरत होते, ओसरत होते. एका शिवणीतून काहीतरी काळे, ओले असावे तसे चकाकणारे, बोटभर खाली ओघळले आणि हवेत थांबले.

  दादाचा हात माझ्या दंडात रुतला होता.

आई आम्हा दोघांच्या मधून पुढे गेली. अनवाणी. ती पडवीत शिरली आणि वहिनीच्या समोर, दोन हात अंतरावर, खाली बसली.

"ललिते," ती म्हणाली. तिचा आवाज दळताना असतो तसा होता. "माज्याकडं बघ. मान वर करू नगं."

वहिनीने तिच्याकडे पाहिले. जंगलातली मुलगी; तिने का म्हणून विचारले नाही.

"हात तसाच ऱ्हाऊ दे. श्वास घे. घेतलास? आता बस. हळू. आजून खाली. टरफलावर बस, लुगडं खराब हुतंय तर हुंदे. आता माज्याकडं सरक. माजं बघून सरक."

आई मागे सरकली, वहिनी तिच्यामागे. दोघी बसल्या बसल्या, एकमेकींच्या डोळ्यांना धरून, त्या टरफलांवरून दाराकडे आल्या. अर्ध्या वाटेत पदरातले एक अंडे निसटले आणि फुटले. तेवढ्यानेच एक लाव्हरू भडकून सरळ वर उडाले आणि गोणपाटावर आदळले.

पोट हलले. शिवणीतले ते काळे टोक आत गेले. गोणपाटावरून एक उंचवटा संथपणे सरकत गेला, भिंतीकडे, वाशाकडे. आणि भिंत जिथे संपते आणि पत्रा जिथे सुरू होतो, त्या बोटभर अंधारात, थोडे थोडे करून शिरला. फार वेळ शिरत राहिला. मग गोणपाट पुन्हा सपाट झाले.

दादाने वहिनीला दारातून आत ओढले. कोणी रडले नाही. वहिनीने पदरातली अंडी एकेक करून बाजेवर ठेवली. मग दादाने लांब काठीने गोणपाटाची दोरी तोडली. पोत्याबरोबर जे खाली आले ते पांढरे आणि हलके होते. हवेत जरा तरंगले आणि टरफलांवर लांबच्या लांब निजले. डोळ्यांच्या जागीसुद्धा दोन गोल पारदर्शक पापुद्रे होते. मी हात लावला तेव्हा ती कात अजून दमट होती.

"दादा," मी म्हणालो.  "वडिलांना—"

"पान लागलं. सांगितलं हुतं की तुला सगळ्यांनी." तो खाली पाहत होता. "ह्याच पडवीत. सरपण काढाय वाकलं हुतं. मी कंदील धरला हुता."

"पान म्हणजे?" वहिनीने विचारले.

दिवे लागल्यावर त्या जनावराचे नाव घेत नाहीत, म्हणून त्याने उत्तर दिले नाही. त्याने कोपर टेकवून हात उभा केला, पाचही बोटे जुळवली आणि पंजा मनगटातून जरासा पुढे झुकवला. त्या मिणमिणत्या उजेडात त्याच्या हाताचे पान झाले. ते रुंद होते, देठावर डोलत होते, आणि आमच्याकडे पाहत होते. माझ्या आतला तो तंबाखूचा, रंगल्या ओठांचा तरुण, जो मी इतकी वर्षे सांभाळला होता, त्याने भिंत सोडली आणि तो नाहीसा झाला. त्याच्या जागी एक माणूस काटक्यांसाठी वाकला होता.

वहिनीने तोंडावर पदर घेतला. मग तिला काहीतरी आठवले. "राख का पुसली, आत्याबाई?"

"तू सकाळी आत गेली असतीस. त्येची वाट वलांडू न्हाई."

दादाने बाजेच्या पायथ्याचे गाठोडे उचलले, सोडले, लुगडी दांडीवर टाकली, तांब्या चुलीपाशी नेऊन ठेवला. परत आला तेव्हा तो आईसमोर उकिडवा बसला.

"कवापासनं हाय ते?"

आईने त्याच्याकडे पाहिले नाही. ती माझ्याकडे वळली. "सांग त्याला. तुझा बाप गेल्यापास्नं हाय म्हणावं. मधी मधी जातंय. येतंय."

"तेच?" मी विचारले. माझ्यासाठी विचारले.

"मला काय ठावं. त्येचं तोंड मी कधी बघितलं न्हाई. सरकतंय तसा आवाज येतो भितीवर, तेवढंच." तिने पदर सारखा केला. "आवाज वळखीचा हाय."

सकाळी दादा गावातून साप धरणारा आणणार होता. त्याने आणलाही, त्या माणसाने भिंतीच्या माथ्यावर, कणगीखाली, जात्यामागे पाहिले आणि काही नाही म्हणून मान हलवली. पण ते सकाळचे. त्या संध्याकाळी आम्हाला त्या घरातच बसायचे होते, आणि भिंतीचा तो बोटभर अंधार ज्या खोलीत उघडत होता, ती हीच खोली होती.  वहिनी आईला टेकून बाजेवर बसली होती. मी पेटीवर. दादा खाली जमिनीवर, गुडघ्यांना मिठी मारून.

पडवीत लाव्हरांची कुजबुज परत सुरू झाली होती. मऊ, खालच्या पट्टीतली. ती ऐकत आमचे श्वास हळूहळू जागेवर येत होते. दादाने डोके गुडघ्यांवर टेकवले.

मग ती मध्येच थांबली. सगळी, एकदम.

आईने वासा पाहिला, भिंत पाहिली. माझ्याकडे वळली नाही.

"भान्या," ती म्हणाली, "पाय वर घे."